शंभरचा बल्ब

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी सहाच्या सुमारास साकोली तालुक्यातल्या एका गावात शेवंताबाई रामटेके, वय बावन्न, शेताच्या कडेने ओढलेल्या तारेला लागून मरण पावल्या. तार रानडुकरांसाठी होती आणि तिच्यात वीज सोडलेली होती. तारेच्या आधी शंभर वॅटचा एक बल्ब जोडला होता. त्या बल्बवर शेतमालक नरेश कापगते आणि त्याचे वडील हिरामण आळीपाळीने नजर ठेवून होते. बल्ब पेटला नाही.

ही बातमी मी दिली होती. आतल्या पानावर चार ओळींत आली. तिच्यात शहारे सरांचं नाव नव्हतं, पोलिसांच्या पहिल्या कागदातही नव्हतं. घटना घडली तेव्हा सर दीड किलोमीटरवर आपल्या घरी होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती.

सरांनी गावच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. बेताची उंची, आखूड बाह्यांचा शर्ट, पायात रबरी तळाचे बूट. शर्टाचा खिसा आतून-बाहेरून पांढरा असायचा, कारण त्यात खडूचे तुकडे असत. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मीटर आणि लाकडी पट्टीवर बसवलेलं एक प्लग-सॉकेट. कोणतीही वस्तू त्या पट्टीमार्फत लावली की तिच्यातून किती धारा जाते ते मोजता येई. विजेच्या वस्तूला हात लावताना त्यांचा डावा हात पँटच्या खिशात जायचा. दोन्ही हात लावले तर धारा छातीतून जाते, एक खिशात ठेवा, असं ते दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. पुढे पुढे तो हात विजेशी संबंध नसतानाही खिशातच राहू लागला. लग्नात अक्षता टाकतानाही एकच हात बाहेर.

त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: दोन माहीत असले की दोन निघतात. दाब म्हणजे व्होल्टेज आणि धारा म्हणजे करंट, हे दोन मोजा. भागाकार केला की रोध निघतो, गुणाकार केला की शक्ती. कोणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत ते मीटर काढत, पंख्याचं नाहीतर टीव्हीचं मोजमाप घेत, आणि चारही आकडे खडूने तिथंच लिहीत, फळीवर, भिंतीवर, दाराच्या चौकटीवर. गावातल्या बहुतेक घरांत असे आकडे होते. दिवाळीला चुना मारताना बाया आकड्यांची जागा सोडून मारत. सरांनी लिहिलंय, ते कसं पुसायचं, असा विचार असावा. मुलं त्यांना मागे 'ओहम' म्हणत. ते त्यांना माहीत होतं.

अंदाजाने बोललेलं त्यांना खपत नसे. कोणी म्हणालं की आज दाब लय कमी हाय, तर ते विचारत, किती? समोरचा गप्प झाला की म्हणत, मग कमी नको म्हणू, माहीत नाही म्हण. त्यांच्या पत्नी म्हणायच्या, आमच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणता येत नाही.

साकोलीच्या बाजारात एकदा पाणी तापवायच्या रॉडवाल्याशी त्यांची गाठ पडली. रॉडवर पंधराशे वॅट लिहिलेलं होतं. सरांनी शेजारच्या रसवंतीवाल्याकडून वीज घेतली, बादली मागवली, रॉड पट्टीतून लावला. दाब दोनशे तीस, धारा चार पूर्णांक तीन. म्हणजे रॉड हजाराच्या आतला. विक्रेता म्हणाला, मास्तर, घ्यायचा असन तर घ्या, नाहीतर गिऱ्हाईक सोडा. सरांनी किंमत देऊन तो रॉड घेतला आणि त्याच्या मुठीवर खडूने ९८९ लिहिलं. मी बरोबर होतो. खोटं निघालं तर घेतला कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वस्तू चांगली हाय. नाव चूक हाय." तो रॉड त्यांच्या घरी नंतर अनेक वर्षं चालला.

शेवंताबाई शाळेत खिचडी शिजवायच्या आणि सुट्टीच्या दिवसांत धानाच्या रोवणा-कापणीला जायच्या. सरांचं आणि त्यांचं घर एकाच मोहल्ल्यात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. त्यांनी घरासाठी विजेची शेगडी घेतली आणि आठवड्याभरात ती डोक्यावर घेऊन सरांच्या अंगणात आल्या. शेगडीवर भात शिजत नव्हता. दुकानदार म्हणत होता, शेगडी बरोबर आहे. सर त्यांच्या घरी गेले, संध्याकाळी, भाताच्या वेळेला. दाब एकशे साठ निघाला, धारा तीन. त्यांनी चुलीमागच्या भिंतीवर आकडे मांडले: रोध त्रेपन्न, शक्ती चारशे ऐंशी. खोक्यावर हजार होतं. खोकंही खरं होतं, कारण तारेचा रोध हजारच्या शेगडीला हवा तेवढाच होता. सर त्यांना समजावत बसले की दाब थोडा उतरला तरी आच दुपटीने उतरते, आणि संध्याकाळी अख्खं गाव दिवे, मोटारी लावतं तेव्हा दाब उतरणारच.

शेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचं गणित पक्कं हाय. भात कच्चाच हाय."

सर म्हणाले, आज अर्धाच मांडा. त्यांनी अर्धा मांडला, तो शिजला, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. सरांची फी म्हणून अर्धी वाटी भातही आणला होता. पुढे वर्षानुवर्षं खिचडीची वाटी सरांच्या पुढ्यात ठेवताना त्या म्हणत, मोजून घ्या. सर खरंच वाटीत पाहत.

ज्या तासाचा पुढे प्रश्न आला तो तास त्याच काळातला. मी आणि नरेश कापगते त्या वर्षी दहावीत होतो. तो पहिल्या बाकावर, मी चौथ्या. सरांनी एक लाकडी बोर्ड आणला होता. बोर्डावर शंभरचा बल्ब आणि तारेची दोन मोकळी टोकं. ही टोकं बल्बाशिवाय एकमेकांना लावली तर फ्यूज जातो, हे त्यांनी आधी करून दाखवलं. शाळेचा फ्यूज खरंच गेला आणि मुख्याध्यापक वर येऊन गेले. मग बल्ब मध्ये घालून तीच टोकं जोडली. बल्ब पूर्ण पेटला, फ्यूज शाबूत राहिला. फळ्यावर त्यांनी लिहिलं: २३० व्होल्ट, १०० वॅट, म्हणून धारा ०.४३, म्हणून रोध ५२९. बल्ब वाटेत उभा असेपर्यंत धारा याच्यापुढे जात नाही, असं सांगितलं.

नरेशने हात वर करून विचारलं, "सर, मधात माणूस आला तर?"

वर्ग हसला. इतकं मला आठवतं. सरांनी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. माझी त्या वर्षीची वही आईने जपून ठेवली होती. ती मी नंतर पाहिली. त्या पानावर शेवटचा आकडा ५२९ आहे. वर्गातल्या सात जणांना मी विचारलं. सहा जणांना प्रश्नही आठवत नव्हता. सातव्याने दोन्ही आठवतं असं सांगितलं, पण तो नरेशचा चुलतभाऊ आहे.

त्या शुक्रवारी सकाळी शेवंताबाई कापणीला निघाल्या होत्या. हातात विळा होता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दव होतं. कापगत्यांच्या बांधीच्या, धानाच्या खाचराच्या, कोपऱ्यावर विळा तारेला लागला, असं पंचनाम्यात आहे. नरेशने पंपावरच्या झोपडीवजा खोपडीतून वीज घेतली होती आणि बल्ब खोपडीच्या बाहेर, घरातून दिसेल असा टांगला होता. डुक्कर लागो की माणूस, बल्ब पेटेल, मग धावत जाऊन बटन बंद करायचं, अशी त्याची व्यवस्था होती. त्या वेळी हिरामणभाऊ ओसरीत बसून बल्बकडे पाहत होते. त्यांनी पोलिसांना सांगितलं की आपली नजर हलली नव्हती.

सर आठ वाजता शेवंताबाईंच्या घरी पोचले आणि दुपारपर्यंत अंगणात बसून राहिले. दुपारी शेतावरून आलेल्या एकाने बल्बाची गोष्ट सांगितली. सरांनी त्याला विचारलं, बल्ब कायले लावला म्हणते नरेश? तो म्हणाला, "म्हणते, शाळेत शिकवलं होतं." सर उठले आणि कोणाशी न बोलता घरी गेले. दोन दिवस ते बाहेर दिसले नाहीत. शेवंताबाईंच्या मातीलाही गेले नाहीत, आणि हे मोहल्ल्यात सगळ्यांनी पाहिलं.

रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. बातमी लिहायची नाही, साक्षीला बस, असं म्हणाले. टेबलावर तोच बोर्ड होता, शाळेने मोडीत काढताना त्यांनी मागून घेतलेला. शंभरचा बल्ब नवा होता. आता तो साकोलीत एकाच दुकानात मिळतो. मोकळ्या टोकांच्या मध्ये त्यांनी साठ वॅटचं सोल्डरिंग, तारांना डाख लावायचं तापतं अवजार, जोडलं होतं. त्याचा रोध आठशे ब्याऐंशी, म्हणजे ओल्या अंगाच्या जवळपास, असं त्यांनी सांगितलं. मग बोटाने दाखवून म्हणाले, "हा माणूस."

त्यांनी खिडकी लावली नाही. बाहेर जेवढा उजेड होता तेवढाच राहू दिला. मला म्हणाले, बल्बकडे पाहा, आणि बटन दाबलं. मी म्हणालो, वीज नाही. ते म्हणाले, आहे, हाताचा आडोसा करून पाहा. ओंजळ करून डोळा काचेला लावला तेव्हा आत केसाएवढी लाल रेघ दिसली. हात काढला की दिसत नव्हती.

मग त्यांनी मीटर माझ्या हातात दिला. मोजणी मी केली. घरात दाब दोनशे सव्वीस होता. धारा ०.२३. बल्बच्या दोन टोकांत तेवीस व्होल्ट.

"काढ," सर म्हणाले.

मी काढलं. रोध शंभर, शक्ती पाच पूर्णांक तीन. मी विचारलं, बल्बचा रोध तर पाचशे एकोणतीस होता. ते म्हणाले, तापल्यावर. थंड असतो तेव्हा चाळीससुद्धा भरत नाही. त्या दिवशी वर्गात आपण तापलेल्या बल्बचा आकडा लिहिला होता, असंही ते म्हणाले.

"आता सोल्डरिंगचं काढ."

उरलेले दोनशे तीन व्होल्ट गुणिले ०.२३. सेहेचाळीस पूर्णांक सात.

सर म्हणाले, "पाच बल्बाले. सत्तेचाळीस बाईले." त्यांनी बटन बंद केलं. सोल्डरिंग तापून राळेचा वास सुटला होता. ते त्यांनी काढून विटेवर ठेवलं. माणूस जायला या धारेचा पाचवा हिस्सा पुरतो, असं त्यांनी सांगितलं, आणि खोपडीतला फ्यूज पाच अँपिअरचा होता हेही. तो जाण्याचा प्रश्नच नव्हता. मग बराच वेळ ते बोर्डाच्या तारा गुंडाळत राहिले. "पंधरा मिनिटांचं काम होतं," असं म्हणाले.

नंतर त्यांनी पेटीतून एक वही काढली. शिक्षक रोज काय शिकवणार याचं टाचण लिहून मुख्याध्यापकांची सही घेतात, ती वही. बहुतेक जण मागल्या वर्षीचंच उतरवतात. सर समासात मुलांचे प्रश्नही लिहीत. त्या तासाच्या समासात होतं: 'नरेश का. — मध्ये माणूस आला तर? सांगितले: बल्ब पेटेल, कळेल. पुढील तासिकेस मोजून सांगणे.'

मी वाचलं. त्यांनी वही परत घेतली. हे आणखी कोणाला माहीत आहे, असं मी विचारलं. नरेशला, ते म्हणाले. त्याला शब्दन्‌शब्द आठवत असणार. पहिल्या बाकावर बसायचा.

वहीची गोष्ट बाहेर कशी गेली ते मला माहीत नाही. आठवड्याच्या आत ती गावच्या तलावाच्या दोन्ही अंगांना, मोहल्ल्यात आणि कापगत्यांच्या बाजूलाही, पोचली होती. नरेश अटकेत होता, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला होता. हिरामणभाऊ सरांच्या घरी आले. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसले. बराच वेळ धान कसं झालं, कापणीला माणसं मिळत नाहीत, यावर बोलले. मग म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बोलले तर पोरगा सुटन."

सर म्हणाले, "तारेत करंट सोडाले मी नाही सांगतलं, हिरामणभाऊ. तो गुन्हा हाय हे त्याले माहीत होतं."

"नाही सांगतलं. पण बल्बाचं तं सांगतलं ना?"

"सांगतलं."

"मी त्या बल्बाकडेच पाहून राहिलो होतो, गुरुजी. पापणी नाही हालवली." हिरामणभाऊ हे दोनदा म्हणाले. पाणी न पिता गेले.

दोन दिवसांनी शेवंताबाईंचा मुलगा मंगेश आला. तो तुमसरला राइस मिलमध्ये कामाला आहे. आईच्या दिवसांसाठी आला होता. तोही सरांचा विद्यार्थी. घरात येऊन उभा राहिला, बसला नाही.

"काकाजी, वही हाय म्हणते तुमच्यापाशी."

"हाय."

"चुलीत टाका तिले. माय माही गेली, अन् तुम्ही त्याले सोडवाले निघाले. आपल्या मोहल्ल्यात राहून."

सरांनी त्याला पुन्हा तेच सांगितलं जे हिरामणभाऊंना सांगितलं होतं, पण उलट बाजूने: तारेत वीज सोडली ती नरेशने, त्याची शिक्षा त्याची, बल्बाचं उत्तर चुकलं ते माझं. दोन गोष्टी आहेत, दोन्ही लिहिल्या गेल्या पाहिजेत.

मंगेश म्हणाला, "तुमच्या दोन गोष्टींत माय कुठी हाय?"

सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या तेव्हा मंगेश गेला होता. हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांचंही मत वही जाळावी असंच होतं. त्यांनी ते सरांना एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं नाही.

सर पोलीस ठाण्यात तीनदा गेले. पहिल्यांदा जबाब द्यायला. तपास अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हटलं, अठरा वर्षांपूर्वी शाळेत काय बोलणं झालं त्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही. दुसऱ्यांदा सर बोर्ड, बल्ब आणि सोल्डरिंग घेऊन गेले. ठाण्याच्या टेबलावर त्यांनी प्रयोग मांडला. दोन शिपाई आणि बाहेर बसलेले तक्रारदारही पाहायला आले. प्रत्येकाने ओंजळ करून लाल रेघ पाहिली. अधिकाऱ्यानेही पाहिली. तो म्हणाला, "सर, समजलं मला. पण हे मी कोणत्या रकान्यात लिहू?" तिसऱ्यांदा सर वही घेऊन गेले. लिहिलेला कागद म्हटल्यावर अधिकाऱ्याला ती घ्यावी लागली. पंच बोलावून वही जप्त झाली, सरांना पावती मिळाली. घरी येऊन त्यांनी ती पावती मीटरच्या प्लास्टिकमध्ये ठेवली.

त्यानंतर त्यांना कोणी मोजायला बोलावलं नाही. त्यांनीही मीटर बाहेर काढल्याचं मी पाहिलं नाही. कापगत्यांच्या बाजूला ते पूर्ण बोलत नाहीत म्हणून राग होता, मोहल्ल्यात ते बोलतात म्हणून. विहारात ते मागच्या सतरंजीवर बसू लागले. एकदा मी त्यांना विचारलं की दोन्हीकडून तुटण्यापेक्षा एक बाजू धरली असती तर? ते म्हणाले, बाजू कोणती आहे ते सांग, मग धरतो. पुढल्या दिवाळीला मी मोहल्ल्यातली आठ-दहा घरं पाहिली. बहुतेकांनी आकड्यांवरून चुना मारला होता. मंगेशच्या घरी चुलीमागचे आकडे मात्र होते तसे होते: १६०, ३, ५३, ४८०. ते मुद्दाम ठेवले की त्या भिंतीला चुनाच लागला नाही, हे मी विचारलं नाही.

खटला भंडाऱ्याला उभा राहिला. नरेश जामिनावर सुटला होता. सरांची साक्ष यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. मी बातमीदारांच्या बाकावर होतो. सरांनी पिशवीतून बोर्ड आणला होता. तो बाहेर ठेवायला सांगण्यात आलं. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर त्यांचा डावा हात खिशात गेला. पट्टेवाल्याने हात बाहेर काढायला सांगितलं. त्यांनी काढला आणि थोड्या वेळाने तो पुन्हा आत गेला. दुसऱ्यांदा कोणी बोललं नाही.

बचावाच्या वकिलांनी वहीतली ओळ वाचली आणि विचारलं, हे अक्षर तुमचं? हो. बल्ब पेटेल, कळेल, असं तुम्ही आरोपीला सांगितलं होतं? हो. ते चूक होतं? हो. मोजलं होतं का? नाही.

सरकारी वकिलांनी विचारलं, तारेत वीज सोडावी असं तुम्ही कधी सांगितलं होतं? नाही. ते बेकायदा आहे हे वर्गात सांगितलं होतं? हो, दरवर्षी. आरोपी त्या दिवशी हजर होता? हजर होता. वहीत 'पुढील तासिकेस मोजून सांगणे' असं आहे. सांगितलं का?

"नाही."

"का?"

"राहून गेलं."

इथे न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर पाहिलं आणि स्वतः विचारलं, राहून जाण्याचं काही कारण होतं का?

सर म्हणाले, "नाही, साहेब."

साक्ष वीस मिनिटांत संपली. नरेश आरोपीच्या जागी खाली मान घालून बसला होता. सर जाताना त्याच्यापाशी क्षणभर थांबले, पण पोलिसाने पुढे चला म्हटलं.

परतीच्या साकोली गाडीत सगळेच होते, दुसरी गाडी दीड तासाने होती. हिरामणभाऊ आणि नरेश पुढे, मंगेश मागच्या दाराशी. सर मधल्या रांगेत खिडकीपाशी बसले, बोर्ड मांडीवर उभा धरून. शेजारची जागा रिकामी होती. लाखनीला गाडी भरली आणि एक परकी बाई तिथे बसली. मी मंगेशच्या बाजूला उभा होतो. त्याने मला विचारलं, "काकाजीनं खरं सांगतलं का सगळं?" मी म्हणालो, जे विचारलं ते सांगितलं. फाट्यावर आम्ही सगळे उतरलो. कापगते मोटारसायकलने गेले. मंगेश पायी निघाला. त्याच्या मागे वीसेक पावलांवर सर होते, बोर्ड काखेत, डावा हात खिशात. त्यांनी अंतर कमी केलं नाही आणि मंगेशही थांबला नाही. गावाच्या वळणापर्यंत मला दोघे दिसत होते.

महिन्याभराने सर आणि त्यांच्या पत्नी मुलीकडे तुमसरला राहायला गेले. घराला कुलूप आहे. खटल्याचा निकाल लागलेला नाही.

जप्त वहीच्या पानांची नक्कल मिळावी म्हणून मी बातमीदार म्हणून अर्ज केला होता. ती मागल्या आठवड्यात मिळाली. अर्जात मी त्या तासाचं पान आणि त्यापुढची दोन पानं मागितली होती. तासाच्या पानावर वर दिली तीच ओळ आहे. दुसऱ्या पानावर सरांच्या अक्षरात आहे: 'निवडणूक प्रशिक्षण, तहसील कार्यालय, दोन दिवस. तासिका झाली नाही.' खाली मुख्याध्यापकांची सही आहे. तिसऱ्या पानावर नव्या पाठाचं टाचण आहे, प्रकाशाचे परावर्तन. समास कोरा आहे.